डोकं दुखतंय का?

लेह साधारण साडेअकरा हजार फुटांवर. फौजेत तिथं पोचल्यावर आणखी वर जाण्याआधी आम्हाला सहा दिवस थांबवत. पर्यटकाला एवढी रजा कुठली! त्यामुळे सगळी भिस्त गाईडच्या विचारण्यावर.

आमच्या गाईडनं बसमध्ये माईकवरून विचारलं, "किसी का सिर दुख रहा है?" एकही हात वर नाही. चारचौघांत कोण कबूल करणार? माझं डोकं ठणकत होतं, पण मी पडलो जुना फौजी!

रात्री जेवताना तो एकेकाजवळ येऊन बसला. "अंकल, खाना क्यों छोड़ा? कल नींद आई?" तिथं मात्र खोटं बोलवेना. डोकेदुखी, भूक नाही, झोप नाही. ही विरळ हवेच्या त्रासाची लक्षणं. उतार पडेपर्यंत आणखी वर चढायचं नसतं. साडेसतरा हजार फुटांवरचा खारदुंग ला माझ्यापुरता रद्द झाला.