वैद्यकीय प्रतिमांकन : ध्येयनिश्चिती आणि व्यवसायाची आखणी

पुणे-सोलापूर महामार्गावरील भांडगावासारख्या दौंड तालुक्यातील गावातून जो विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणासाठी विद्यापीठात येतो, त्याच्यापुढे व्यवसायाचा प्रश्न अधिक निकडीने उभा राहतो. शिक्षणाची वर्षे आणि खर्च ही दोन्ही मोजकीच असतात. चुकलेली वाट परत चालून येण्याइतकी सवड नसते. वैद्यकीय प्रतिमांकनाचे क्षेत्र निवडताना हा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण या क्षेत्राचे नाव जरी एक असले, तरी त्याची प्रवेशद्वारे भिन्न आहेत आणि एका दारातून आत शिरलेल्यास दुसऱ्या दालनात सहसा जाता येत नाही.

पहिले दार वैद्याचे होय. प्रतिमेवरून रोगनिदान करण्याचा अधिकार त्याचा. त्यासाठी एम.बी.बी.एस.ची आंतरवासितेसह साडेपाच वर्षे व त्यानंतर क्ष-किरण निदानशास्त्रातील एम.डी.ची तीन वर्षे द्यावी लागतात. दुसरे दार तंत्रज्ञाचे. रुग्णास योग्य स्थितीत ठेवून, किरणांची मात्रा बेताची राखून प्रतिमा घेणे हे त्याचे कार्य होय. या व्यवसायाच्या शिक्षणाचे व नोंदणीचे नियमन २०२१ च्या केंद्रीय कायद्याने होते. तिसरे दार पदार्थविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास खुले आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारविषयक भौतिकीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम १९६२ पासून चालत आलेला आहे. मात्र या मार्गाने जाणाऱ्यांना मुख्यत्वे कर्करोगावरील किरणोपचारात काम मिळते, प्रतिमांकनात तुलनेने कमी, हे आधीच ध्यानात घ्यावयास हवे. चौथे दार यंत्ररचना, गणित व संगणन यांच्या संशोधकाचे होय.

या चौथ्या दाराची थोरवी इतिहासाने सिद्ध केली आहे. क्ष-किरणांचा १८९५ मध्ये शोध लावणारे राँटगेन पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. सी.टी. यंत्रासाठी १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्यांपैकी हाउन्सफील्ड अभियंते, तर कॉर्मॅक भौतिकीतज्ज्ञ. आणि कॉर्मॅक यांनी सोडविलेल्या गणिती प्रश्नाचे उत्तर राडॉन या गणितज्ञाने १९१७ मध्येच दिलेले होते. एम.आर.आय.साठी २००३ मध्ये गौरविले गेलेले लॉटरबर व मॅन्सफील्ड हे अनुक्रमे रसायनशास्त्रज्ञ व भौतिकीतज्ज्ञ होते.

यावरून आखणीचे पहिले सूत्र निघते : ध्येय यंत्रावर बेतू नये, प्रश्नावर बेतावे. आज शिकलेले यंत्र काही वर्षांत मागे पडते. परंतु किरण व ऊतक यांचा परस्परसंबंध, शरीररचना आणि प्रतिमेतील गोंगाटाचे गणित ही विद्या जुनी होत नाही. रोग ओळखावयाचा, प्रतिमा निर्दोष घ्यावयाची, किरणांची मात्रा मोजावयाची की नवी पद्धती शोधावयाची, याचे उत्तर आधी निश्चित करावे. दार त्यानंतर निवडावे. आणि त्या दाराची प्रवेशपरीक्षा, कालावधी व खर्च यांचा हिशेब कागदावर वर्षवार मांडावा.

दुसरे सूत्र जबाबदारीचे. किरणोत्साराशी संबंधित कर्मचाऱ्यास भारतात सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षी फार तर ३० मिलिसीव्हर्ट एवढीच मात्रा अनुज्ञेय आहे. सोनोग्राफीत किरणोत्सार नसला, तरी सामाजिक जोखीम आहे. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा राज्य पातळीवरील कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्रीय कायदा १९९४ चा. लिंग उघड करणे हा तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे. हे नियम अडथळे नसून व्यवसायाचे अंगच आहेत, असे मानणाऱ्यानेच या क्षेत्रात यावे.

तिसरे सूत्र स्थानाचे. गावाजवळच्या रुग्णालयात घेतलेली प्रतिमा आता क्षणार्धात पुण्याच्या तज्ज्ञापुढे जाऊ शकते. त्यामुळे ग्रामीण भागात केवळ तज्ज्ञाचीच उणीव आहे असे समजणे चूक ठरेल. रुग्ण हलला, कोन चुकला, मात्रा कमी पडली, तर पुण्यातील विद्वत्ता ती प्रतिमा सुधारू शकत नाही. रुग्णास पुन्हा किरणांखाली झोपवावे लागते. म्हणून भांडगावच्या परिसरात राहून चोख प्रतिमा घेणाऱ्या तंत्रज्ञाचे ध्येय हे मागे पडलेल्याचे ध्येय नव्हे. निदानाची सारी इमारत त्याच पायावर उभी असते.