पांढरी भिंत आणि निळी भिंत

पांढरा रंग खोली मोठी करतो आणि गर्द निळा ती आकसून टाकतो, हा निकाल बहुतेक घरांतून कसलीही शहानिशा न करता दिला जातो. वास्तविक भिंतीला स्वतःचा प्रकाश नसतो. शुभ्र भिंत पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८० टक्के परत करते एवढेच, आणि म्हणून जिच्या एकुलत्या खिडकीसमोर शेजारची इमारत उभी आहे अशा खोलीत तीच भिंत राखट व उदास दिसते. गर्द निळी भिंत जेमतेम दहावा हिस्सा परत करते हे खरे. परंतु पांढऱ्या भिंतींवर कोपऱ्यातल्या सावल्या जशा उठून दिसतात तशा निळ्यावर दिसत नाहीत, सबब खोलीची हद्द नेमकी कोठे संपते हे डोळ्यांना चटकन उमगत नाही.

दुसरा समज असा की, दुकानातल्या नमुन्याच्या पट्टीवर दिसतो तोच रंग भिंतीवर उतरतो. चार भिंती परस्परांवर उजेड टाकीत असतात आणि प्रत्येक फेरीत रंग अधिक गडद होत जातो. पट्टीवरचा सौम्य निळा खोलीभर पसरल्यावर भडक वाटतो तो यामुळे, त्यात रंगाऱ्याचा अपराध नसतो.

शेजारच्या रंगाचा प्रभाव तर याहून विलक्षण आहे. पॅरिसच्या गोब्लँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यातील काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली असता, तेथील रंगविभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांना दोष रंगद्रव्यात नसून शेजारच्या छटांत आहे असे आढळले, आणि १८३९ साली त्यांनी हा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. निळ्यालगतचा पांढरा म्हणूनच किंचित पिवळट भासतो. आपल्याकडे चुन्याच्या सफेतीत चिमूटभर नीळ घालण्याचा जो दस्तूर होता, त्यामागील शहाणपण मला फार मोलाचे वाटते: नीळ घातलेली भिंत उजेड थोडा कमीच परत करते, पण पिवळेपणा मारला गेल्याने डोळ्यांना अधिक शुभ्र दिसते.

निळ्याने खोली थंड राहते, हेही खरे नव्हे. उष्णता छपरातून व बाहेरच्या भिंतींतून येते, आणि पांढऱ्या रंगाचा खरा उपयोग गच्चीवर आहे.

तेव्हा खिडकीलगतच्या व तिच्या समोरच्या भिंतीवर हातभर चौकोन, दोन्ही रंगांचे दोन-दोन हात देऊन रंगवावेत आणि ते वाळल्यावर दुपारी व दिवेलागणीनंतर पाहावेत. कारण पिवळ्या दिव्याच्या प्रकाशात निळा अंश अल्प असल्याने दुपारचा तजेलदार निळा रात्री काळपट पडतो, आणि पांढरा मात्र दिव्याचाच पिवळेपणा अंगावर घेतो.