जिगसॉ कोड्याच्या तुकड्यांची साठवण : संख्या आणि वर्गीकरण

सुट्या घटकांतून एखादी पूर्ण वस्तू सिद्ध करावयाची असेल, तर त्या घटकांच्या साठवणीने दोन गोष्टींचे रक्षण केले पाहिजे : एक घटकांच्या संख्येचे, आणि दुसरे त्यांच्यावर झालेल्या वर्गीकरणाचे. जिगसॉ कोडे हे याचे सुबोध उदाहरण होय. हजार तुकड्यांपैकी एक हरवला, तर चित्र कायमचे अपुरे राहते. एकही हरवला नाही, परंतु निवडून वेगळे केलेले तुकडे पुन्हा एकत्र मिसळले, तर कित्येक तासांचे श्रम व्यर्थ जातात. प्रचलित पेटी पहिल्या हानीपासून कसेबसे रक्षण करते. दुसरीचा विचार तिच्या रचनेत सहसा झालेलाच नसतो.

याचे कारण कोड्याच्या इतिहासात सापडते. लंडन येथील नकाशे कोरणारे जॉन स्पिल्सबरी यांनी १७६० नंतरच्या दशकात नकाशे महोगनीच्या फळीवर चिकटवून देशांच्या सीमारेषांवरून कापले व भूगोलाच्या शिक्षणासाठी विकले. तुकडे थोडे असत आणि देशाच्या नावावरून त्यांची ओळख पटे. अशा संग्रहाला एकाच कप्प्याची लहान लाकडी पेटी पुरेशी होती. पुढे कोडे प्रौढांच्या करमणुकीचा विषय झाले. पुठ्ठ्याचे तुकडे साच्याने छाटण्याची स्वस्त पद्धती रूढ झाली आणि १९३०–४० या दशकात अमेरिकेत त्यांचा मोठा प्रसार झाला. तुकड्यांची संख्या शेकड्यांवर व हजारांवर गेली; त्यांची नावे नाहीशी झाली; पेटी मात्र एका कप्प्याचीच राहिली. झाकणावर चित्र आले, एवढाच काय तो बदल.

या पेटीचा दोष साध्या गणिताने दाखविता येतो. हजार तुकड्यांचे पूर्ण चित्र सुमारे ७० × ५० सेंमी. असते; म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला सरासरी ३.५ चौ. सेंमी. जागा येते. तुकडे न जोडता एका थरात पसरले, तर मधल्या रिकाम्या जागांमुळे सुमारे दुप्पट, म्हणजे ७,००० चौ. सेंमी. क्षेत्र लागेल असे धरावयास हरकत नाही. आता ३७ × २७ × ५.५ सेंमी. मापाची पेटी विचारात घेऊ. तिच्या तळाचे क्षेत्रफळ जेमतेम १,००० चौ. सेंमी. भरते. तुकडे तीत एकावर एक पडणार आणि हवा तो तुकडा शोधण्यासाठी सारा ढीग उपसावा लागणार, हे उघड आहे. उलट, तुकड्याची जाडी २ मिमी. धरली तर सर्व पुठ्ठ्याचे घनफळ ७०० घन सेंमी. होते, पेटीचे घनफळ मात्र सुमारे ५,५०० घन सेंमी. आहे. तेव्हा पेटीत जागा कमी नाही. ती उभ्या दिशेने रिकामी पडून राहिली आहे. प्रवासात याच पोकळीत तुकडे एकमेकांवर घासतात व पुठ्ठ्याचा भुसा तयार होतो.

उपाय याच गणितातून निघतो. ३६ × २६ सेंमी. मापाचे व ७ मिमी. उंचीचे सात ट्रे एकावर एक रचले, तर त्यांची उंची ४.९ सेंमी. होते, ते याच पेटीत मावतात आणि सुमारे ६,५०० चौ. सेंमी. तळ मिळतो. रिकामे असताना हे ट्रे एकात एक बसावेत आणि भरल्यावर एकावर एक राहावेत, यासाठी कडांना अशा खाचा द्याव्यात, की एकाआड एक ट्रे अर्धा फेरा फिरवून ठेवला म्हणजे तो वरच टेकेल. ट्रेचा रंग फिका व चकाकी नसलेला असावा आणि एक कड उतरती असावी, म्हणजे तुकडा नखाने उचलावा लागणार नाही.

ट्रेमध्ये कायमचे कप्पे असावेत की नसावेत, हा खरा तात्त्विक प्रश्न आहे. कोशकार्याशी तुलना केल्यास तो स्पष्ट होतो. पुढे ऑक्सफर्डचा कोश म्हणून प्रसिद्ध झालेल्या कार्याचे पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज यांनी अवतरणांच्या चिठ्ठ्यांसाठी ५४ खणांची मांडणी योजली होती. १८७९ मध्ये जेम्स मरे यांच्या हाती हे काम आले, तेव्हा चिठ्ठ्यांचे वजन सुमारे दोन टन भरले आणि मरे यांना मिल हिल येथे १,०२९ खण करवून घ्यावे लागले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सु. मं. कत्रे यांच्या प्रेरणेने १९४८ मध्ये सुरू झालेल्या संस्कृत महाकोशासाठीही सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमल्या. येथे स्थिर खण उपयोगी पडतात, कारण वर्णानुक्रम ठरलेला असतो व चिठ्ठीचे स्थान बदलत नाही.

जिगसॉच्या तुकड्याचे तसे नाही. आरंभी कडेचे तुकडे वेगळे केले जातात. नंतर रंगावरून गट पडतात. शेवटी एकाच रंगाचे आकाश उरले, म्हणजे केवळ आकारावरून निवड करावी लागते. एकच तुकडा क्रमाने तीन वर्गांत जातो. म्हणून कायमचे कप्पे या कामात अडथळाच ठरतात. ट्रे लहान, अनेक व आतून अखंड असावेत. वर्ग बदलला की तुकडे सहज हलविता यावेत आणि ट्रेच्या कडेवरील चिठ्ठीही बदलता यावी.

आता संख्येच्या रक्षणाविषयी. वजनावरून हरवलेला तुकडा ओळखता येईल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु हजारातील एक तुकडा म्हणजे वजनाचा एक सहस्रांश, आणि पुठ्ठा दमट हवेत त्याहून अधिक ओलावा शोषून घेतो. तेव्हा ही कसोटी पावसाळ्यात तरी निरुपयोगी होय. मोजणीच विश्वसनीय आहे. त्यासाठी तुकड्यांची नेमकी संख्या पेटीवर छापलेली हवी. कारण हजाराच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कोड्यात ३८ × २७ अशा मांडणीचे १,०२६ तुकडेही असू शकतात. कडेच्या तुकड्यांची संख्याही द्यावी. वरील मांडणीत ती १२६ होते, आणि ४० × २५ मांडणीतही तितकीच. चौकट जोडण्यापूर्वीच ही संख्या पडताळून पाहता येते.

या सुधारणांनी पेटीची किंमत वाढेल, हा आक्षेप खरा आहे. परंतु ग्रंथालयांतून वा शाळांतून जे कोडे अनेकांच्या हातून जावयाचे असते, त्याचे आयुष्य पेटीच ठरविते. तेथे एक तुकडा हरवला तरी पुढील प्रत्येकाचे श्रम अपूर्ण चित्रापाशी थांबतात. म्हणून साठवणीचा विचार उत्पादनाच्या शेवटी न करता, तुकड्यांची संख्या व मांडणी ठरवितानाच झाला पाहिजे.