मोठे चौकोन, लहान शेते: खुला डेटा आणि पेडणे-डिचोली

सरकारी खाती आणि संशोधनसंस्था पाऊस, पीक, माती, जंगल, अन्नधान्य यांची सतत मोजणी करत असतात. ती मोजमापे कोणालाही फुकट उतरवून घेता आली, संगणकाला थेट वाचता आली आणि नव्या कामासाठी बिनदिक्कत वापरता आली, तर त्या माहितीला खुला डेटा म्हणतात. भारतात डेटा आदानप्रदानाचे राष्ट्रीय धोरण 2012 साली अधिसूचित झाले आणि सरकारी माहितीसंचांचे राष्ट्रीय पोर्टलही त्याच वर्षी सुरू झाले. वापराच्या अटी ठरवणारा परवाना यायला मात्र 2017 उजाडले. खुलेपणाच्या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरी एक प्रश्न उरतोच, आणि गोव्यासारख्या 3,702 चौरस किलोमीटरच्या राज्यात तोच सर्वांत मोठा ठरतो: मोजणीचा सर्वांत लहान घटक केवढा आहे?

पावसाचेच पाहावे. भारतीय हवामान विभागाने 1901 पासूनच्या रोजच्या पावसाचा देशव्यापी संच सर्वांसाठी ठेवला आहे. शेती व जलसंशोधनात इतका वापरला जाणारा भारतीय संच दुसरा क्वचितच असेल. त्यात देशाचे पाव-पाव अंशाचे चौकोन पाडून प्रत्येकाला दिवसाचा एक आकडा दिलेला असतो. गोव्याच्या अक्षांशावर असा चौकोन साधारण 27 किलोमीटर बाजूचा, म्हणजे सातशेहून अधिक चौरस किलोमीटरचा होतो. उत्तर गोव्यातले पेडणे आणि डिचोली हे तालुके प्रत्येकी अडीचशे चौरस किलोमीटरच्या आसपास. दोन्ही एकत्र केले तरी एक चौकोन भरत नाही. पेडण्याच्या किनाऱ्यावरचे हरमल-मोरजी आणि डिचोलीत घाटाकडे सरकत गेलेली साखळी यांच्या पावसात मात्र चांगलाच फरक असतो. पेडणे आणि साखळी या दोन्ही ठिकाणी हवामान विभागाची पर्जन्यमापके आहेत. चौकोनाचा आकडा अशाच केंद्रांच्या नोंदींवरून गणिताने काढलेला असतो, पण त्या सरासरीत केंद्रांचा वेगळेपणा विरून जातो.

भाताच्या बाबतीत उपग्रहांनी बरीच सोय केली. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेची 1972 पासूनची चित्रे 2008 मध्ये सर्वांना मोफत झाली. युरोपच्या सेंटिनेल-2 ची चित्रे 2015 पासून मिळतात. त्यात जमिनीवरचा 10 मीटर बाजूचा चौकोन म्हणजे एक ठिपका. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तीच जागा टिपतात. तिळारीच्या कालव्याचे पाणी मिळणाऱ्या भागात वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरचे, भात कुठे लागले आणि कुठे जमीन पडीक राहिली, हे निरभ्र आकाशाच्या महिन्यांत घरबसल्या पाहता येते. सरदाचे, म्हणजे पावसाळी भाताचे काय? जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत, त्यामुळे नेमक्या मुख्य हंगामात हा डोळा मिटलेला असतो. तेव्हा उपयोगी पडतो सेंटिनेल-1. त्याचे रडार ढगांतून आरपार जाते, आणि लावणीच्या वेळी खाचरात उभे असलेले पाणी त्याच्या चित्रात काळेभोर उमटते. मोरडीच्या, म्हणजे उंचवट्यावरच्या, अरुंद पायऱ्यांची शेते मात्र दहा मीटरच्या ठिपक्यांतही नीट वेगळी दिसत नाहीत; शेत, बांध आणि कडेची झाडी एकाच ठिपक्यात मिसळतात.

उत्पादनाचा आकडा आजही मुख्यतः जमिनीवरूनच येतो. पीक कापणी प्रयोगात चिठ्ठ्या टाकल्यासारखे शेत निवडतात, ठराविक मापाचा तुकडा आखतात, तेवढेच भात कापून, झोडून तोलतात. अशा प्रयोगांची संख्या राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या अंदाजापुरती बेतलेली असते. प्रकाशित तक्त्यात म्हणूनच ‘उत्तर गोवा’ दिसतो. खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या बांधलेल्या खाऱ्या शेतीचे, पेडणे आणि खाणींची डिचोली त्या एका ओळीत गडप होतात. कृषी गणनेचे तालुकावार तक्ते उपलब्ध आहेत, पण ती गणना पाच वर्षांतून एकदा होते आणि ती धारणक्षेत्रे मोजते, दरवर्षीचे पीक नव्हे.

मातीची गोष्ट अधिक बोलकी आहे. मृदा आरोग्य पत्रिका योजना फेब्रुवारी 2015 मध्ये सुरू झाली. तिच्या आरंभीच्या पद्धतीनुसार बागायती जमिनीत अडीच हेक्टरला आणि जिरायती जमिनीत दहा हेक्टरला मातीचा एक नमुना घ्यायचा आणि बारा गुण तपासायचे. त्यांपैकी विद्युतवाहकता हा गुण क्षार सांगतो, आणि खाजनात तोच कळीचा. शापोरा आणि तेरेखोल नद्यांच्या काठी भरतीचे पाणी बांधाने अडवून, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या दाराच्या, फळ्यांनी आत-बाहेर खेळवून जी भातशेती होते, तिची माती एप्रिलमध्ये खारट असते आणि ऑगस्टपर्यंत पावसाने धुऊन निघते. बांधालगतचा वाफा आणि आतला वाफा यांतही अंतर पडते. कोरगुटासारखे खारेपण सोसणारे भात इथे टिकून राहिले ते त्यामुळेच. नमुना कोणत्या महिन्यात आणि बांधापासून किती अंतरावर घेतला, हे नोंदवलेले नसेल, तर पत्रिकेतला आकडा खाजनाबद्दल फारसे काही सांगत नाही. डिचोलीत अडचण उलटी आहे. खाणींवरून वाहून आलेल्या गाळाने जिथे भातशेते भरली, तिथे लोह आणि मँगनीज यांचा अतिरेक हा प्रश्न आहे. पत्रिकेत दोन्ही तपासले जातात, पण ती पिकाला कमी पडतात का हे पाहण्यासाठी.

जंगलाच्या आकड्यात व्याख्येचा घोळ आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालात गोव्याचे वनाच्छादन 2,244 चौरस किलोमीटर, म्हणजे क्षेत्रफळाच्या 60 टक्क्यांहून अधिक आहे. एक हेक्टर किंवा अधिक जागेवर दहा टक्के छत्र असले की ती जागा वनाच्छादन, मालकी कोणाचीही असो आणि झाड कोणतेही असो. काजूच्या बागा यात आपसूक येतात, आणि क्षेत्राने काजू हेच गोव्याचे सर्वांत मोठे पीक आहे. साठ टक्के जंगल म्हणून हा आकडा भाषणांत मिरवला जातो, तेव्हा ही व्याख्या कोणी वाचून दाखवत नाही.

काही माहिती खुली दिसते, पण वापरता येत नाही. खाण किंवा मोठा प्रकल्प यायचा असला की पर्यावरण आघात अहवालासाठी हवा, विहिरी, माती, वनस्पती यांची नोंद होते. लोहखनिजाची खाणपट्टी असलेल्या डिचोलीसाठी अशा नोंदी भरपूर आहेत. ‘परिवेश’ या केंद्रीय पोर्टलवर अहवाल मिळतात, पण शेकडो पानांच्या पीडीएफमध्ये; त्यातला एखाद्या विहिरीचा आकडा हातानेच उतरवावा लागतो. अशा नोंदींना किती वजन असते, हे पेडण्यात दिसले. मोपा विमानतळाच्या पर्यावरण परवानगीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. परवानगीच्या मूळ अर्जात परिसरातील संवेदनशील क्षेत्रांची माहिती पुरती उघड केलेली नाही, असा ठपका ठेवत न्यायालयाने 29 मार्च 2019 रोजी परवानगी स्थगित केली. फेरतपासणीनंतर जानेवारी 2020 मध्ये ती स्थगिती उठली.

माहिती लोकांपर्यंत उशिरा पोचल्याचे आणखी एक उदाहरण आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने आपला अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये दिला. सार्वजनिक माहितीचा आग्रह धरणारा तो अहवाल स्वतःच माहिती अधिकाराच्या लढाईनंतर मे 2012 मध्ये लोकांसमोर आला, हा योगायोग गमतीचा. मोजणीच्या घटकाचा प्रश्न तिथेही होता: समितीने साऱ्या घाटासाठी सुमारे नऊ किलोमीटरचे चौकोन धरले. गोव्यासाठी मात्र त्याहून बारीक.

अन्नसुरक्षेचा डेटा आणखी विरळ आहे. गोवा स्वतःपुरता तांदूळ पिकवत नाही आणि भाजीसाठी बेळगावकडे पाहतो. भाजीचे ट्रक चोर्ला घाटातून उतरून साखळीवरून पुढे जातात. म्हणून डिचोलीच्या बाजारातला टोमॅटो का महागला हे शोधणाऱ्याला गोव्याच्या नव्हे, ॲगमार्कनेट या सरकारी बाजारभाव-पोर्टलवरच्या बेळगाव बाजार समितीच्या रोजच्या भावात उत्तर सापडण्याची शक्यता जास्त. घरात काय खाल्ले जाते हे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2022-23 च्या घरगुती खर्च पाहणीत आहे, आणि तिच्या घरनिहाय नोंदी, नावे वगळून, मोफत मिळतात. पण गोव्यातली नमुना कुटुंबे राज्याचा अंदाज देण्यापुरती असतात. तालुक्याचा निष्कर्ष त्यांतून ओढूनताणून काढू नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे बालकांची वाढ आणि रक्तक्षय यांच्या आकड्यांत, उत्तर आणि दक्षिण गोव्याचे वेगळे तक्ते आहेत. तिच्या मूळ नोंदी संशोधकांना वर्षानुवर्षे अमेरिकी निधीवर चालणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातून मिळत. 2025 च्या सुरुवातीला तो निधी थांबला आणि नव्या मागण्या काही काळ अडकल्या. त्याच सुमारास दुष्काळाची पूर्वसूचना देणारी, 1985 पासून चालत आलेली फ्यूजनेट ही यंत्रणाही काही महिने बंद पडली. ज्यांनी प्रती आधीच उतरवून ठेवल्या होत्या, त्यांचे काम अडले नाही.