कलनशास्त्राचे पहिले सत्र

बारावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन विज्ञान शाखेच्या पदवी वर्गात दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याला कलनशास्त्र हा विषय सर्वस्वी परका नसतो. अवकलनाची सूत्रे त्याला मुखोद्गत असतात; क्ष च्या वर्गाचा अवकलज २क्ष, हे त्याला झोपेतून उठवून विचारले तरी तो सांगेल. असे असूनही पहिले सत्र निम्मे सरण्याच्या आतच तो गोंधळून जातो. फळ्यावर सीमा, सातत्य, अवकलज ही जुनीच नावे दिसत असतात. परंतु प्राध्यापक आता उत्तरावर समाधान न मानता सिद्धता मागू लागतात. कालपर्यंत येत होते तेच आज येईनासे झाले, असे वाटून कित्येक विद्यार्थी आपल्या बुद्धीलाच दोष देतात. असा दोष देण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेणे इष्ट ठरेल. ज्या ठिकाणी हा विद्यार्थी अडखळतो, नेमक्या त्याच ठिकाणी युरोपातील थोर गणितज्ञ सुमारे दीडशे वर्षे अडखळले होते.

क्षणाचा वेग

ही अडचण काय आहे हे एका साध्या उदाहरणावरून समजून घेऊ. कुतुबमिनाराएवढ्या, म्हणजे सुमारे ७३ मीटर उंचीवरून एक दगड खाली सोडला आहे अशी कल्पना करा. हवेचा विरोध लक्षात न घेतल्यास तो जमिनीवर पोहोचण्यास चार सेकंदांहून किंचित कमी वेळ लागेल. सोडल्यापासून जितके सेकंद लोटले असतील त्यांच्या वर्गाला ४.९ ने गुणले, की दगडाने तोवर कापलेले अंतर मीटरमध्ये मिळते. आता प्रश्न असा की, बरोबर दुसऱ्या सेकंदाच्या अखेरीस दगडाचा वेग किती?

वेग म्हणजे अंतर भागिले काळ. परंतु एका क्षणात अंतरही शून्य आणि काळही शून्य; शून्याला शून्याने भागणे तर गणितात निषिद्ध. म्हणून आपण थोडे आडवळण घेऊ. दुसऱ्या सेकंदापासून तिसऱ्या सेकंदापर्यंत दगडाचा सरासरी वेग सेकंदाला २४.५ मीटर येतो. पुढचा सेकंदाचा केवळ दहावा भाग घेतला तर तो २०.०९ येतो, शंभरावा भाग घेतला तर १९.६४९, आणि हजारावा भाग घेतला तर १९.६०४९. हे आकडे १९.६ या संख्येकडे सरकत आहेत, हे सांगण्यास गणितज्ञाची गरज नाही.

हीच गोष्ट बीजगणिताने अधिक स्पष्ट होते. काळाच्या लहानशा अवधीला ‘ह’ म्हटले, तर त्या अवधीतील सरासरी वेग नेमका १९.६ अधिक ४.९ह एवढा येतो. आता ह शून्य मानला की उत्तर १९.६. बारावीचा विद्यार्थी येथे थांबतो, आणि त्याचे उत्तर बरोबरही असते.

धर्मगुरूचा आक्षेप

आयझॅक न्यूटनला ही पद्धत १६६५-६६ च्या सुमारास सापडली. प्लेगच्या साथीमुळे केंब्रिजचे विद्यापीठ त्या काळी बंद होते व तो आपल्या गावी परतला होता. जर्मनीच्या लायब्निट्झने ती स्वतंत्रपणे शोधून काढली आणि १६८४ मध्ये तिच्याविषयीचा पहिला लेख प्रसिद्ध केला. ग्रहांच्या कक्षा, लंबकाची आंदोलने, वक्रांच्या स्पर्शिका असे अनेक अवघड प्रश्न या नव्या साधनापुढे भराभर सुटू लागले.

तथापि १७३४ मध्ये जॉर्ज बर्कली या आयरिश धर्मगुरूने एक पुस्तिका लिहून गणितज्ञांना अडचणीत टाकले. त्याच्या आक्षेपाचा आशय असा: भागाकार करताना तुम्ही ह शून्य नाही असे म्हणता, कारण तसे न म्हटल्यास भागताच येणार नाही. भागाकार उरकला की तोच ह शून्य आहे असे म्हणून त्याला टाकून देता. एकाच राशीविषयी दोन परस्परविरुद्ध विधाने करणाऱ्यांनी धर्मशास्त्रातील गूढ गोष्टींना हसू नये. आक्षेपामागचा हेतू धार्मिक होता. पण तर्क बिनतोड होता. गणितज्ञांजवळ बरोबर उत्तरे होती, ती बरोबर का येतात याचे कारण मात्र नव्हते. समाधानकारक उत्तराची वाटचाल १८२१ मध्ये फ्रान्समधील कोशीच्या पाठ्यपुस्तकाने खऱ्या अर्थाने सुरू झाली, आणि पुढे बर्लिन येथे व्हायरस्ट्रासने आपल्या व्याख्यानांतून तिला आजचे काटेकोर रूप दिले.

सीमा म्हणजे एक करार

एप्सिलॉन आणि डेल्टा ही ग्रीक अक्षरे असलेली जी व्याख्या पहिल्या सत्रातील विद्यार्थ्याला धडकी भरवते, ती बर्कलीला दिलेले उत्तरच होय. तिच्यात ह कधीही शून्य होत नाही. तिचे स्वरूप दोन पक्षांमधील करारासारखे आहे. शंकेखोर पक्ष म्हणतो, ‘वेग १९.६ आहे असे तुम्ही म्हणता. माझ्या मते चूक ०.०४९ पेक्षा कमी असली पाहिजे.’ दुसरा पक्ष उत्तर देतो, ‘मग अवधी सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा लहान ठेवा.’ शंकेखोर आपली अट दहापट कडक करतो. उत्तर येते, ‘अवधीही दहापट लहान करा.’ चूक ४.९ह एवढीच असल्याने, मागितलेल्या मर्यादेला ४.९ ने भागले की अवधी किती लहान हवा ते तत्काळ कळते. शंकेखोराने कितीही लहान मर्यादा सांगितली तरी हे उत्तर तयार असते. अशी खात्री देता आली की १९.६ ही त्या सरासरी वेगांची सीमा आहे असे म्हणावयाचे. शंकेखोराची मर्यादा म्हणजे एप्सिलॉन आणि उत्तरादाखल सांगितलेला अवधी म्हणजे डेल्टा.

येथे कोणी विचारील की, उत्तर जर साध्या रीतीनेही १९.६ च येत होते, तर हा खटाटोप कशासाठी? याचे कारण असे की आपली नजर नेहमीच भरवशाची नसते. न तुटता जाणारी रेषा दिसली की तिला बहुतेक ठिकाणी स्पर्शिका काढता येणारच, फार तर एखाद्या टोकदार कोपऱ्यावर ती काढता येणार नाही, असा जाणकारांचाही समज होता. १८७२ मध्ये व्हायरस्ट्रासने असे एक फलन मांडले की ज्याचा आलेख कोठेही तुटत नाही, परंतु ज्याला एकाही बिंदूवर अवकलज नाही. असे वक्र डोळ्यांसमोर आणणे अशक्यप्राय असते. तेथे आधार उरतो तो व्याख्येचा आणि सिद्धतेचा.

म्हणजेच, इतिहासात जे सर्वांत शेवटी आले ते महाविद्यालयात सर्वांत आधी शिकविले जाते. तर्काच्या दृष्टीने हा क्रम निर्दोष आहे. मात्र रोग न सांगता औषध पाजावे तसा त्याचा परिणाम विद्यार्थ्यावर होतो. बर्कलीचा प्रश्न ज्याला कधी पडलाच नाही, त्याला व्हायरस्ट्रासचे उत्तर निरर्थक वाटल्यास नवल नाही.

भारतीय परंपरा

बदलत्या राशींचा असा विचार आपल्या देशात अपरिचित नव्हता. ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त भास्कराचार्यांनी ग्रहांच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे विशिष्ट क्षणीच्या गतीचा विचार केला आहे. चौदाव्या शतकात केरळात होऊन गेलेल्या संगमग्रामच्या माधवाने आणि त्याच्या शिष्यपरंपरेने वर्तुळाच्या परिघासाठी अनंत श्रेढी शोधल्या. सोळाव्या शतकातील ज्येष्ठदेवाने ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात त्यांच्या उपपत्ती दिल्या, त्याही मलयाळम भाषेत. सर्व प्रकारच्या वक्रांना लागू पडणारी सामान्य पद्धती मात्र यातून उभी राहिली नाही. न्यूटन व लायब्निट्झ यांचे श्रेय त्या पद्धतीबद्दल आहे.

दिल्ली कॉलेजातील अध्यापक मास्टर रामचंद्र यांनी १८५० मध्ये कलकत्त्याहून एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. महत्तम व लघुतम मूल्यांचे प्रश्न कलनशास्त्राविना, केवळ बीजगणिताने सोडविणे हा त्याचा विषय होता. मदुराईत जन्मलेले इंग्रज गणितज्ञ डी मॉर्गन यांना तो इतका मोलाचा वाटला, की १८५९ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली तो लंडनमध्ये पुन्हा छापला गेला. रामचंद्रांच्या दृष्टीने एक सोपे उदाहरण पाहू. ४० मीटर दोरीने जास्तीत जास्त क्षेत्रफळाचा आयत कसा आखावा? एक बाजू क्ष, तर दुसरी २० उणे क्ष. क्षेत्रफळाची मांडणी थोडी बदलली की ते १०० वजा (क्ष – १०) चा वर्ग असे दिसते. वर्ग कधीही ऋण नसतो. म्हणून क्ष १० असताना क्षेत्रफळ महत्तम, म्हणजे १०० चौरस मीटर. अवकलज शून्य मानूनही हेच उत्तर मिळते.

या ग्रंथातून आजच्या विद्यार्थ्यालाही एक बोध घेता येईल. कलनशास्त्रात चुकलेली कित्येक गणिते वस्तुतः बीजगणितात चुकलेली असतात. ज्याचा अपूर्णांकांवर आणि अवयव पाडण्यावर हात बसलेला नाही, त्याला सीमेची कल्पना समजूनही तिचा उपयोग करता येत नाही.

सत्राच्या अखेरीस

पहिल्या सत्राच्या शेवटी समाकलन येते व सुरुवातीचे श्रम फळाला येतात. पडणाऱ्या दगडाचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटरने वाढतो. त्याचा आलेख ही एक तिरपी सरळ रेषा असते. तीन सेकंदांनंतर वेग २९.४ होतो. त्या रेषेखालील त्रिकोणाचा पाया ३ आणि उंची २९.४, म्हणून क्षेत्रफळ ४४.१. आणि दगडाने तीन सेकंदांत कापलेले अंतर? ३ च्या वर्गाची ४.९ पट, म्हणजेच ४४.१ मीटर. अंतरावरून वेग काढणे आणि वेगाखालील क्षेत्रफळावरून अंतर काढणे या एकमेकींच्या उलट क्रिया आहेत. हाच कलनशास्त्राचा मूलभूत सिद्धांत होय.

हे क्षेत्रफळ येथे त्रिकोणाचे होते म्हणून सहज काढता आले. वेगाची रेषा वाकडी असती तर तिच्याखालच्या जागेचे अरुंद पट्टे पाडावे लागले असते. ते अधिकाधिक अरुंद करीत त्यांच्या बेरजेची सीमा शोधावी लागली असती. तेथेही शंकेखोर त्याच प्रश्नासह उभा राहतो आणि उत्तरही तेच द्यावे लागते. ज्या विद्यार्थ्याने पहिल्या महिन्यात त्या शंकेखोराशी धीराने वाद घातला असेल, त्याला सत्राच्या अखेरीस तो ओळखीचा वाटेल. ज्याला तो अद्याप त्रास देत असेल, त्यानेही निराश होण्याचे कारण नाही. त्याच्याआधी हा त्रास न्यूटनच्या वारसांनीही सोसला आहे.