पेडिक्युअरचा टब साधाच घ्या

मंडळी, पार्लर काढायचं म्हटलं की बरेच जण आधी जेटवाल्या स्पा-खुर्चीचा भाव विचारतात. जरा थांबा. २००० साली कॅलिफोर्नियात एकाच नेल सलूनच्या शंभराहून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांवर गळवं उठली. जंतू सापडले फूटबाथच्या जाळीमागे, साठलेल्या केसांत नि कातडीत. आधी पायांवर रेझर फिरवलेल्यांना धोका जास्त होता.

आपल्या बांद्यात तर लावणीच्या दिवसांत पायांना चिखल्या नि भेगा असतातच. म्हणून साधा, गुळगुळीत टब बरा. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर साबणाने घासायचा, मग जंतुनाशक घालून बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण ठेवायचा. नुसतं शिंपडून पुसणं म्हणजे वासापुरती स्वच्छता! लाकडी फाइल ज्याची त्याला.

डायबेटिस आहे का, हे आधी विचाराच. अशा पायाला कधी कधी चटका बसलेलाही कळत नाही. भेगेवर ब्लेड नको. जखम दिसली तर गिऱ्हाईक डॉक्टरकडे पाठवा, त्या दिवसाचे पैसे गेले तर गेले.

खुर्चीचे वाचलेले पैसे स्टीलच्या हत्यारांच्या दुसऱ्या सेटला नि छोट्या ऑटोक्लेव्हला लावा. एक सेट हातात, दुसरा मशीनमध्ये.