शेंगदाण्याचे वावडे : कागदावरचे आणि खरे

कसबा पेठेतल्या एका वाड्यातील आजी चार वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. हातात रक्ततपासणीचा कागद होता. अंगाला खाज सुटते म्हणून एकदम चाळीसेक पदार्थांची तपासणी करून घेतली होती आणि शेंगदाण्यापुढे 'पॉझिटिव्ह' असे लिहिलेले होते. तेव्हापासून दोन महिने घरात दाण्याचे कूट बंद!

"अहो डॉक्टर, खिचडी नाही, कोशिंबीर नाही, चिक्की नाही. पोराला द्यायचं तरी काय?"

मी विचारले, "आधी दाणे खायचा का?"

"रोज! कधी काही झालं नाही."

मेख इथेच आहे. ही तपासणी रक्तातील 'आयजीई' नावाची प्रतिद्रव्ये मोजते. ती सापडली म्हणजे शरीराने दाण्याची ओळख ठेवली आहे, एवढेच कळते. दाणे खाल्ल्यावर त्रास होईलच असे नाही. दाणा हा शेंगवर्गातला. त्याची काही प्रथिने इतर कडधान्यांतील वा परागकणांतील प्रथिनांसारखी असल्यानेही तपासणी फसते. दक्षिण भारतातील शाळकरी मुलांच्या एका पाहणीत अशी प्रतिद्रव्ये पुष्कळांत आढळली, पण अन्नाचे खरे वावडे हजारात एक-दोघांनाच निघाले.

म्हणून पहिली तपासणी म्हणजे नीट विचारपूस. दाणे खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत गांधी उठल्या का, ओठ सुजले का, उलटी, खोकला, धाप लागली का? तसे घडले असेल तरच पुढे जायचे. हातावर अर्काचा थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी गांधीचा आकार पाहतात. त्याआधी काही दिवस खाजेची औषधे डॉक्टरांना विचारून थांबवावी लागतात.

आता याहून नेमकी तपासणीही निघाली आहे. तिच्यात दाण्यातील एकेक प्रथिन वेगळे तपासतात. त्यांपैकी 'अरा एच २' हे महत्त्वाचे. ते भाजल्याने वा पचनानेही सहजी मोडत नाही. त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये भरपूर असतील, तर खरे वावडे असण्याची शक्यता मोठी. मात्र ती नसली म्हणजे धोका संपला, असेही नाही. शंका उरल्यास रुग्णालयात, डॉक्टरांसमोर, थोडे थोडे दाणे खाऊ घालून पाहणे हीच अंतिम कसोटी. ही परीक्षा घरी कधीही करू नये.

या मुलाची 'अरा एच २' तपासणी निर्दोष निघाली. तरीही मी "आजच लाडू द्या" म्हटले नाही. अंगावर इसब असलेल्या मुलाचे दाणे बंद ठेवले, तर आधी पचणारा पदार्थही पुढे बाधू शकतो. रुग्णालयात तो टप्प्याटप्प्याने दाणे खाऊन हसत घरी गेला.

ज्यांना खरे वावडे आहे, त्यांच्या बाबतीत मात्र हयगय नको. दाणे कटाक्षाने टाळावेत, शाळेत कळवावे. धाप लागली, आवाज बसला किंवा मूल मलूल झाले, तर अॅड्रिनलिनचे इंजेक्शन हाच उपाय. ते मांडीच्या बाहेरील स्नायूत देतात. मुलाला आडवे ठेवावे, धाप असल्यास बसू द्यावे, आणि १०८ ला फोन करावा. खाजेच्या सिरपवर वेळ घालवू नये.

त्रास नसताना तपासणी नको आणि त्रास झाला असताना टाळाटाळ नको, एवढे पालकांनी ध्यानात ठेवावे.